मुंबई ते न्यूयॉर्क : अंतर एक, हिशेब अनेक

सोमवारची सकाळ. सांगलीच्या मार्केट यार्डातील एखाद्या पेढीच्या घरी आठ वाजता दुःखद घटना घडते. घरातील ज्येष्ठ व्यक्तीचे निधन होते. थोरला मुलगा दुकान सांभाळून इथेच असतो, धाकटा नोकरीनिमित्त अमेरिकेतील न्यू जर्सीत. त्याला फोन जातो तेव्हा तिकडे रविवारची रात्र असते, साडेदहा वाजलेले असतात. पहिला प्रश्न दोन्हीकडून एकच निघतो : ‘यायला किती वेळ लागेल?’ आणि उत्तरही बहुधा एकच मिळते : ‘थेट विमान मिळाले तर चौदा-साडेचौदा तास.’

हे उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे. त्या उत्तरावर विसंबून अंत्यसंस्काराची वेळ ठरवली, तर ती चुकण्याचीच शक्यता अधिक. आज आपल्या समाजातील असंख्य कुटुंबांचे एक पाऊल परदेशात आहे. मुले न्यूयॉर्क-न्यू जर्सीत, हिऱ्यांचा व्यापार मुंबई, अँटवर्प आणि न्यूयॉर्क यांच्या दरम्यान, आणि आई-वडील वर्षाआड नातवंडांकडे. अशा कुटुंबांनी दोन विमानतळांमधील अंतर आणि प्रत्यक्ष प्रवासाचा वेळ यांतील फरक एकदा नीट समजून घेणे आवश्यक आहे. मुंबई ते न्यूयॉर्क हा मार्ग त्यासाठी उत्तम उदाहरण ठरतो.

नकाशावरील रेषा आणि पृथ्वीवरील वाट

भिंतीवरील जगाच्या नकाशावर मुंबई आणि न्यूयॉर्क ही दोन टोके पट्टीने जोडली, तर रेषा अरबस्तान, उत्तर आफ्रिका आणि अटलांटिक महासागर ओलांडून जाते. नौकानयनासाठी रूढ झालेल्या नकाशावरील अशा रेषेवरून कोणी खरोखरच प्रवास केला, तर त्याला सुमारे १४,२०० किलोमीटर जावे लागेल. प्रत्यक्षात या दोन विमानतळांमधील सर्वांत कमी अंतर सुमारे १२,५३० किलोमीटर आहे. म्हणजे नकाशावर ‘सरळ’ दिसणारी वाट साडेसोळाशे किलोमीटरहून अधिक लांब पडते. विमानाच्या वेगाने मोजल्यास जवळजवळ दोन तासांचे नुकसान.

याचे कारण पृथ्वीचा गोल आकार. गोलावरील दोन बिंदूंमधील सर्वांत जवळची वाट ही पृथ्वीचे दोन समान भाग करणाऱ्या मोठ्या वर्तुळाचा भाग असते. तिला महावृत्त मार्ग म्हणतात. घरात मुलांचा पृथ्वीगोल असेल तर एक दोरा घ्यावा, एक टोक मुंबईवर आणि दुसरे न्यूयॉर्कवर धरावे व दोरा ताणावा. तो आपोआप उत्तरेकडे सरकतो. हा दोरा मुंबईहून निघून सौराष्ट्र आणि कच्छच्या बाजूने सिंधमध्ये शिरतो. पुढे बलुचिस्तान, अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान आणि कझाकस्तान ओलांडून तो रशियात जातो, सेंट पीटर्सबर्गच्या थोड्या दक्षिणेने नॉर्वेकडे वळतो, आइसलँडवरून जातो, ग्रीनलँडच्या दक्षिण टोकाला जवळजवळ स्पर्श करतो आणि कॅनडाच्या लाब्राडॉर भागातून खाली उतरत न्यूयॉर्कला पोहोचतो. मुंबईचे अक्षांश १९ अंश, न्यूयॉर्कचे जेमतेम ४१ अंश. पण मधली वाट ६४ अंशांच्याही वर जाते. पश्चिमेकडील अमेरिकेला जाणारे विमान आपल्या मुंबईवरून आधी वायव्य-उत्तरेला तोंड करून का निघते, याचे उत्तर या दोऱ्यात आहे.

मुद्दल तेच, खर्च मात्र बदलता

व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे तर १२,५३० किलोमीटर हे मुद्दल झाले. त्यावर चढणारा खर्च दर दिवशी वेगळा असतो. मोठे प्रवासी विमान उंचीवर ताशी सुमारे ९०० किलोमीटर वेगाने जाते. साध्या भागाकाराने चौदा तास येतात. तरीही मुंबईहून न्यूयॉर्कला जाताना साधारण सोळा तास लागतात आणि परतताना चौदा-साडेचौदा तासांत काम होते. अंतर तेच, विमानही तेच. मग दीड-दोन तासांचा फरक कुठून आला?

‘पृथ्वी फिरते म्हणून’ असे उत्तर पुष्कळदा ऐकू येते. ते बरोबर नाही. पृथ्वीबरोबर तिचे वातावरणही फिरते आणि विमान त्या वातावरणातच उडत असते. खरे कारण वारा हे आहे. जमिनीपासून साधारण ९ ते १२ किलोमीटर उंचीवर, म्हणजे नेमके जिथून विमाने जातात तिथे, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे अतिवेगवान वाऱ्यांचे अरुंद पट्टे असतात. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. त्यांचा वेग पुष्कळदा ताशी दीडशे किलोमीटरच्या पुढे असतो, हिवाळ्यात कधी तीनशेच्याही वर जातो. अमेरिकेकडे जाताना हा वारा समोरून येतो, परतताना पाठीवर असतो. ९ फेब्रुवारी २०२० रोजी युरोपात वादळ असताना न्यूयॉर्कहून लंडनला निघालेले एक प्रवासी विमान ४ तास ५६ मिनिटांत पोहोचले होते. त्या मार्गाला एरवी साडेसहा-सात तास लागतात.

म्हणून वैमानिक नेहमीच सर्वांत कमी अंतराची वाट धरत नाहीत. त्या दिवशीचा वारा पाहून सर्वांत कमी वेळाची आणि कमी इंधनाची वाट आखली जाते. कधी शंभर-दोनशे किलोमीटरचा वळसा स्वस्त पडतो. इंधनाचा प्रश्न तर या प्रवासाच्या मुळाशीच आहे. लांब पल्ल्यासाठी वापरले जाणारे बोइंग ७७७-३००ईआर हे विमान उड्डाणाच्या वेळी जास्तीत जास्त सुमारे ३५१ टन वजनाचे असू शकते आणि त्याच्या टाक्यांत सुमारे १४५ टन इंधन मावते. एकूण वजनाचा दोन पंचमांश भाग केवळ इंधनाचा! सुरुवातीच्या तासांत जळणारे बरेचसे इंधन पुढच्या तासांचे इंधन वाहून नेण्यातच खर्च होते. वाट लांबली की इंधन वाढवावे लागते, आणि इंधन वाढले की कधी प्रवासी, कधी माल कमी घ्यावा लागतो. तिकिटाचा दर का चढतो, हे गणित व्यापारी कुटुंबांना वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

बंद झालेले आकाश

वाऱ्यापेक्षाही मोठा वळसा कधी कधी राजकारणामुळे पडतो. दोरा ताणून पाहिलेली वाट पाकिस्तान, अफगाणिस्तान आणि रशिया यांच्या आकाशातून जाते, हे लक्षात घेतले की पुढचा भाग कळतो. २०१९ च्या फेब्रुवारी अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत पाकिस्तानने आपली हवाई हद्द मोठ्या प्रमाणावर बंद ठेवली होती. २०२२ मध्ये युक्रेन युद्ध सुरू झाल्यानंतर अमेरिकी विमान कंपन्यांना रशियावरून जाणे बंद झाले आणि त्यांच्या भारताकडील काही सेवा स्थगित झाल्या. पहलगामच्या हल्ल्यानंतर एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपले आकाश पुन्हा बंद केले, आणि भारतानेही तसेच उत्तर दिले. त्या काळात उत्तर भारतातून अमेरिकेकडे जाणाऱ्या काही उड्डाणांना इंधनासाठी युरोपात उतरावे लागले. जून २०२५ मध्ये इराणचे आकाशही काही काळ बंद झाले.

मुंबईला या बाबतीत दिल्लीपेक्षा थोडी सोय आहे. मुंबईचे विमान समुद्रावरून आखाताकडे वळू शकते. तरीही वळसा तो वळसाच. मुलाने मागच्या वर्षी ‘सोळा तास’ सांगितले होते म्हणून यंदाही सोळाच लागतील, असे धरून चालणे योग्य नाही. तिकीट काढताना त्या तारखेच्या वेळापत्रकातील वेळ पाहावी. कंपनी ती बदलत्या मार्गानुसार सुधारत असते.

थेट की थांबा घेऊन?

बऱ्याच जणांची समजूत असते की, थांबा घेतला की अंतर फार वाढते. आकडे निराळे सांगतात. मुंबई ते लंडन सुमारे ७,२०० किलोमीटर आणि लंडन ते न्यूयॉर्क सुमारे ५,५५० किलोमीटर, मिळून १२,७५० किलोमीटर होतात. थेट वाटेपेक्षा फक्त दोनशे-सव्वादोनशे किलोमीटर जास्त. दुबईमार्गे गेल्यास एकूण सुमारे १२,९५० किलोमीटर होतात. तेथेही वाढ चारशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे अर्ध्या तासाच्या उड्डाणाइतकी.

पण वेळ? विमान उतरणे, पुन्हा सुरक्षा तपासणी, दुसऱ्या विमानाची वाट पाहणे, यांत तीन-चार तास सहज जातात. जोडविमान चुकले तर बारा किंवा चोवीस तासही जाऊ शकतात. त्या बदल्यात तिकीट पुष्कळदा स्वस्त मिळते आणि पाय मोकळे होतात. तेव्हा निवड कोण प्रवास करतो यावर करावी. तरुण व्यापाऱ्याला थांबा परवडतो. इंग्रजी न येणाऱ्या, चाकाच्या खुर्चीची गरज असणाऱ्या आई-वडिलांना परक्या विमानतळावर दोन दारे शोधत फिरवण्यापेक्षा शक्य तिथे थेट विमान बरे. मात्र ज्यांना एका जागी सोळा तास बसणे प्रकृतीला झेपत नाही, त्यांना मधला थांबा हितकारक ठरू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासानुसार चार तासांपेक्षा अधिक काळ बसून केलेल्या प्रवासानंतर पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका सुमारे दुप्पट होतो. मुळातला धोका लहान आहे, साधारण सहा हजारांत एक; परंतु वय, पूर्वीची शस्त्रक्रिया किंवा हृदयविकार असेल तर डॉक्टरांना विचारूनच निघावे. दर दीड-दोन तासांनी उठून फेरी मारावी, बसल्या जागी घोटे हलवावेत.

घड्याळ आणि सूर्य

भारत आणि न्यूयॉर्क यांच्या वेळेत उन्हाळ्यात साडेनऊ तासांचा आणि हिवाळ्यात साडेदहा तासांचा फरक असतो. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळे एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पुन्हा मागे घेतात. आपण काही बदल करत नाही. त्यामुळे वेळापत्रकातील निघण्या-पोहोचण्याच्या वेळांची नुसती वजाबाकी फसवते. उन्हाळ्यात सोमवारी पहाटे एक वाजता मुंबईहून निघालेले विमान सोळा तासांनी न्यूयॉर्कला उतरते तेव्हा तिथे सोमवारचेच सकाळचे साडेसात वाजलेले असतात. कागदावर साडेसहा तास! उलट, न्यूयॉर्कहून सोमवारी दुपारी बारा वाजता निघालेले विमान साडेचौदा तासांनी मुंबईला पोहोचते तेव्हा मंगळवारची दुपार, बारा वाजलेले असतात. कागदावर पूर्ण चोवीस तास. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी म्हणून औषधाच्या वेळा निघण्यापूर्वीच डॉक्टरांकडून लिहून घ्याव्यात. भिंतीवरचे घड्याळ इथे उपयोगी पडत नाही.

चौविहार पाळणाऱ्यांसाठी तर हा प्रश्न अधिकच नाजूक होतो. पृथ्वीचा स्वतःभोवती फिरण्याचा वेग विषुववृत्तावर ताशी सुमारे १,६७० किलोमीटर असतो, पण साठ अंश अक्षांशावर तो निम्मा, म्हणजे ताशी ८३५ किलोमीटर होतो. विमानाचा वेग साधारण तितकाच. त्यामुळे उत्तरेकडील वाटेने पश्चिमेला जाताना विमान सूर्याच्या बरोबरीने धावते. मावळतीला आलेला सूर्य तासन् तास क्षितिजावर थांबलेला दिसतो आणि रात्री निघालेल्या प्रवाशाची रात्र लांबतच जाते. परतीच्या वाटेवर याच्या उलट होते. दिवस झपाट्याने संपतो आणि जेवणाचे ताट समोर येईपर्यंत बाहेर अंधार पडलेला असतो. सूर्यास्त कोणता धरावा, मुंबईचा, न्यूयॉर्कचा की खिडकीतून दिसणारा, हे प्रवासाला निघण्यापूर्वीच आपल्या गुरुजनांना विचारून ठरवावे. जैन भोजन तिकिटाबरोबर आपोआप येत नाही. ते साधारणपणे किमान चोवीस तास आधी नोंदवावे लागते, आणि थांब्याचा प्रवास असेल तर दोन्ही विमानांसाठी नोंदले गेले आहे की नाही, हे तपासावे. विमानातील हवा अतिशय कोरडी असते. पाण्याचाही त्याग असलेल्या वयोवृद्धांनी प्रवासाचा दिवस विचारपूर्वक निवडावा.

दारापासून दारापर्यंत

तिकिटावर विमानतळ ते विमानतळ एवढाच वेळ असतो, कुटुंबाला मात्र दारापासून दारापर्यंतचा वेळ हवा असतो. सांगलीहून न्यू जर्सीतील एडिसनला निघालेल्या आई-वडिलांचा हिशेब असा : सांगली ते मुंबई विमानतळ मोटारीने आठ तास, उड्डाणापूर्वी विमानतळावर साडेतीन तास, उड्डाण सोळा तास, उतरल्यावर इमिग्रेशन आणि सामान दोन तास, तिथून घरापर्यंत दोन तास. एकूण साडेएकतीस तास. म्हणजे प्रत्यक्ष उड्डाण जेमतेम निम्मे. न्यूयॉर्कच्या परिसरात केनेडी आणि नेवार्क असे दोन मोठे विमानतळ आहेत. मुंबईपासून दोघांचे अंतर जवळजवळ सारखेच. परंतु न्यू जर्सीत राहणाऱ्यांना नेवार्क जवळचा आणि केनेडी विमानतळ शहराच्या दुसऱ्या टोकाला. तिकिटात पाच हजार रुपये वाचवून मुलाला गर्दीच्या वेळी दोन तास मोटार चालवायला लावणे कितपत परवडते, याचाही विचार व्हावा.

या मार्गाचा इतिहास पाहिला तर आजची ही तक्रार लहान वाटते. १८९३ साली वीरचंद राघवजी गांधी शिकागोच्या सर्वधर्म परिषदेत जैन धर्माची बाजू मांडण्यासाठी गेले तेव्हा बोटीशिवाय मार्ग नव्हता आणि प्रवास आठवड्यांत मोजला जात असे. ८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचे ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून कैरो, जिनिव्हामार्गे लंडनला निघाले. १९६० च्या मे महिन्यात बोइंग ७०७ विमानाने लंडनमार्गे न्यूयॉर्कची सेवा सुरू झाली आणि २००७ साली एअर इंडियाचे मुंबई-न्यूयॉर्क विनाथांबा उड्डाण सुरू झाले. अंतर तसूभरही कमी झालेले नाही. पण जिथे पूर्वी येण्याची अपेक्षाच नसे, तिथे आता ‘मुलगा येईपर्यंत थांबू या’ असे म्हणता येते. प्रश्न त्यामुळेच अवघड झाला आहे.

सोमवार सकाळचा हिशेब

आता सांगलीतील त्या घराकडे वळू या. फोन आपल्या सोमवारी सकाळी आठला गेला. समजा, पहिल्या थेट विमानात जागा मिळाली आणि ते तिथल्या सोमवारी दुपारी बाराला सुटले. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेनऊ झाले, म्हणजे साडेतेरा तास वाट पाहण्यातच गेले. साडेचौदा तासांच्या उड्डाणानंतर मुंबई मंगळवारी दुपारी बारा. विमानतळाबाहेर पडायला दीड तास, सांगलीपर्यंत आठ तास. मुलगा घराच्या दारात उभा राहील तो मंगळवारी रात्री साडेनऊला. कोल्हापूरचे विमान वेळेत मिळाले तर काही तास वाचतील. जागा मिळाली नाही, तर दिवस वाढेल. ‘साडेचौदा तासां’चे प्रत्यक्षात साडेसदतीस तास झाले.

आपल्याकडे अंत्यसंस्कार लांबवू नयेत असा प्रघात आहे. मृतदेहात सूक्ष्म जीवांची उत्पत्ती होते, ही त्यामागील धारणा. दुसऱ्या बाजूला मुलाच्या मनात शेवटचे दर्शन न झाल्याची खंत जन्मभर राहू शकते. या दोहोंत काय निवडायचे, हे कोणताही लेख सांगू शकत नाही. पण चुकीच्या आकड्यावर निर्णय होऊ नये, एवढे तरी आपल्या हाती आहे. नातेवाईक ताटकळत आहेत, बर्फ संपत आला आहे आणि मुलगा अजून आकाशात आहे, ही अवस्था पुष्कळदा केवळ ‘चौदा तास’ ऐकल्यामुळे येते.

म्हणून काही गोष्टी घरात सर्व जण सुखरूप असतानाच करून ठेवाव्यात. परदेशातील मुलाचा पासपोर्ट चालू आहे का, तो अमेरिकन नागरिक असेल तर ओसीआय कार्ड हाताशी आहे का, हे पाहावे. नोकरीच्या व्हिसावर असेल तर पासपोर्टवरील व्हिसाची मुदत संपलेली नाही ना, याची खात्री करावी. ती संपली असेल तर यायला अडचण नसते, पण परत जाण्यापूर्वी नवा व्हिसा घ्यावा लागतो आणि तिथली नोकरी टांगणीला लागते. ऐनवेळच्या तिकिटाइतकी रक्कम कार्डावर मोकळी असावी. आपल्या घरापासून त्याच्या घरापर्यंतचा पूर्ण वेळ, जाण्याचा आणि येण्याचा, एका कागदावर लिहून तिजोरीत इतर कागदपत्रांबरोबर ठेवावा आणि दरवर्षी नव्या वेळापत्रकाशी ताडून पाहावा.

आणि शक्य असेल तर घरातील वडीलधाऱ्यांनीच एकदा सर्वांसमक्ष सांगून टाकावे : ‘माझ्या वेळी कोणासाठी थांबू नका’, किंवा ‘धाकट्याला येऊ द्या’. हे बोलणे जड जाते. पण त्यामुळे थोरल्या मुलावर नको त्या क्षणी निर्णयाचे ओझे पडत नाही, आणि दूर असलेल्या धाकट्याला विमानातील ते साडेचौदा तास ‘आपल्यासाठी कोणी थांबले असेल का’ या प्रश्नाशिवाय काढता येतात.